पंचवीस सेंटचा दवाखाना

परकायाप्रवेशाच्या गोष्टी ऐकत आपण मोठे झालो. आज तुम्हाला तोच करायचा आहे. चार ठिकाणी, चार माणसांच्या देहात शिरून, त्यांच्या नजरेनं दवाखान्याचं दार बघायचं आहे. देश अमेरिका, माणसं कृष्णवर्णीय आणि दुखणं मनाचं. सोबत एकच प्रश्न असू द्या: समोरच्या डॉक्टरला तुमच्यात काय दिसतं?

न्यू ऑर्लिन्स, १८५१

तुम्ही गुलाम आहात. मालकासोबत शहरात आला आहात आणि दिवाणखान्याच्या दाराशी हुकमाची वाट बघत उभे आहात. आत मालक आपल्या पाहुण्याला एका वैद्यकीय नियतकालिकातला लेख वाचून दाखवतो आहे. लेखक याच शहरातले डॉ. सॅम्युअल कार्टराइट. तुम्हाला वाचता येत नाही. लुइझियानात गुलामाला अक्षर शिकवणं हाच गुन्हा आहे. पण कान उघडे आहेत.

डॉक्टरसाहेबांनी एक नवा मनोविकार शोधला आहे. नाव ‘ड्रॅपिटोमेनिया’. लक्षण एकच: गुलाम पळून जातो. कामात ढिलाई करणाऱ्या, अवजारं मोडणाऱ्या गुलामांसाठीही त्यांनी वेगळा आजार ठरवला आहे. उपचारही सांगितला आहे, आणि त्यात चाबूक आहे.

गेल्या हिवाळ्यात तुमचा भाऊ पळाला. बायको दुसऱ्या मळ्यावर विकली गेली, त्यानंतर आठवड्याच्या आत. तो का पळाला हे तुम्हाला ठाऊक आहे, मळ्यावरच्या लहान पोरालाही ठाऊक आहे. डॉक्टरनं मात्र बाजार बघितला नाही, विक्री बघितली नाही. त्यानं पळणारे पाय बघितले आणि रोगाचं नाव लिहिलं.

हा एकट्या कार्टराइटचा विक्षिप्तपणा नव्हता. १८४० च्या जनगणनेत असे आकडे छापले गेले की उत्तरेकडच्या स्वतंत्र कृष्णवर्णीयांमध्ये वेडाचं प्रमाण दक्षिणेतल्या गुलामांपेक्षा कितीतरी जास्त आहे. गुलामीच्या समर्थकांनी लगेच अर्थ काढला: स्वातंत्र्य यांना झेपत नाही. न्यूयॉर्कचे कृष्णवर्णीय डॉक्टर जेम्स मॅक्यून स्मिथ यांनी ते आकडे तपासून खोडून काढले. ज्या गावांत एकही कृष्णवर्णीय माणूस राहत नव्हता, तिथेही जनगणनेनं ‘वेडे कृष्णवर्णीय’ दाखवले होते. स्मिथ यांना अमेरिकेतल्या वैद्यकीय महाविद्यालयांनी प्रवेश नाकारला होता. पदवी त्यांनी स्कॉटलंडमधल्या ग्लासगोहून मिळवली होती. आकडे खोटे ठरले, तरी अफवा टिकली.

मालक हाक मारतो. तुम्ही मान खाली घालून आत जाता. बाहेर पडताना एवढं लक्षात ठेवा, कारण पुढच्या शंभर वर्षांत हेच पुन्हा पुन्हा भेटणार आहे: अन्याय करणारी व्यवस्था निरोगी आणि तो सहन न होणारा माणूस रोगी.

हार्लेम, १९४६

मार्च महिना. शुक्रवार, ८ तारीख. हवेत अजून गारवा आहे. लेनॉक्स ॲव्हेन्यूवर १३५ व्या रस्त्याच्या सबवे स्थानकातून तुम्ही वर येता. अंगात सैन्यातला जुना ओव्हरकोट, खिशात थोडी नाणी.

दीड वर्षापूर्वी तुम्ही फ्रान्समध्ये ट्रक चालवत होता. ‘रेड बॉल एक्सप्रेस’ नावाची ती रसद-वाहतूक: आघाडीकडे दारूगोळा आणि पेट्रोल नेणाऱ्या ट्रकांची अखंड रांग, रात्री दिवे झाकून. चालकांतले बहुसंख्य कृष्णवर्णीय होते. आता तुम्ही घरी आहात, पण झोप परत आलेली नाही. जिन्यावर कुणाचा पाय वाजला की छातीत धडधडतं. कामाच्या शोधात जाता, तर जागा नुकतीच भरली असं ऐकायला मिळतं आणि तुमच्या मागून आलेला गोरा माणूस आत बोलावला जातो. अडीच वर्षांपूर्वी, १९४३ च्या ऑगस्टमध्ये, याच वस्तीत एका गोऱ्या पोलिसानं गणवेशातल्या कृष्णवर्णीय सैनिकावर गोळी झाडली. सैनिक मेला अशी बातमी पसरली, तो वाचला होता. पण त्या रात्री हार्लेम पेटलं आणि सहा माणसं गेली. तुम्ही तेव्हा छावणीत होता. आईनं पत्रात कळवलं होतं.

मध्यंतरी एका मोठ्या इस्पितळात जाऊन आलात. मनावर उपचार करणारे खासगी डॉक्टर शहरात खूप आहेत, पण त्यांची फी तुमच्या ऐपतीबाहेरची आणि कित्येकांच्या दारात तुम्हाला जागाच नाही. इस्पितळातल्या डॉक्टरनं पाच मिनिटं दिली. तुमच्या लोकांना चिंता कसली, तुम्ही मजेत जगणारी माणसं, अशा सुरात बोलला. विसाव्या शतकातही बऱ्याच डॉक्टरांचा समज होता की नैराश्य यायला जे नाजूक मन लागतं, ते कृष्णवर्णीयांकडे नसतं. तुम्ही आवाज चढवला असता तर त्यानं निराळाच शेरा लिहिला असता. म्हणून गप्प बसून परत आलात.

आज चर्चमधून आलेल्या शेजारणीनं सांगितलं, १३३ व्या रस्त्यावर जा. सेंट फिलिप्स हे हार्लेममधलं जुनं, प्रतिष्ठित एपिस्कोपल चर्च. त्याची इमारत उभारली तीही कृष्णवर्णीय वास्तुविशारदांनी. त्याच्या मागच्या पॅरिश हाउसच्या तळघरात आज संध्याकाळी एक दवाखाना उघडतो आहे.

तुम्ही पायऱ्या उतरता. दोन खोल्या. पडदे आणि आडोसे लावून त्यांचेच कोपरे केले आहेत, म्हणजे प्रत्येकाला आपलं दुखणं हळू आवाजात सांगता यावं. खुर्च्या आणि टेबलं चर्चच्या वापरातली. भिंतीला लागून बसलेल्यांत एक गोरी बाई आहे. तिला कुणी वेगळ्या बाकावर बसवलेलं नाही. टेबलाशी बसलेल्यांत काळे आहेत, गोरेही आहेत. इथं काम करणारे सगळे स्वयंसेवक, पगार कुणालाच नाही. दिवसभर आपापली नोकरी करून ते मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी ६ ते ८ इथं बसणार आहेत.

फी? पंचवीस सेंट. सबवेचं तिकीट आज पाच सेंटांना मिळतं. म्हणजे पाच फेऱ्यांचे पैसे. नसतील तर तेही नकोत. नाणं पुढे सरकवताना तुमचा स्वाभिमान थोडा परत येतो. तुम्ही भीक मागायला आलेला नाही, फी भरून डॉक्टरकडे आला आहात.

दवाखान्याचं नाव लाफार्ग क्लिनिक. पॉल लाफार्ग म्हणजे कार्ल मार्क्सचे जावई, क्यूबात जन्मलेले, आफ्रिकी वंशाचा वारसा असलेले डॉक्टर आणि समाजवादी. दवाखान्यामागे तीन माणसं आहेत. ‘नेटिव्ह सन’ आणि ‘ब्लॅक बॉय’ लिहिणारे रिचर्ड राइट. सेंट फिलिप्सचे धर्मगुरू शेल्टन हेल बिशप, ज्यांनी तळघर दिलं. आणि जर्मनीत जन्मलेले मनोविकारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम, जे हार्लेमसाठी असा दवाखाना काढायला पैसा मिळावा म्हणून वर्षानुवर्षं दारं ठोठावत होते. पैसा मिळाला नाही, तेव्हा त्यांनी पैशाशिवायच सुरू करायचं ठरवलं. दवाखान्याची रोजची जबाबदारी हिल्डे मॉस या डॉक्टर बाईंकडे. त्या बर्लिनच्या, ज्यू घराण्यातल्या. नाझींमुळे देश सोडून आलेल्या. वंशाच्या नावावर माणसाचं काय केलं जातं, हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं.

आडोशामागे डॉक्टर तुमच्यासमोर बसतात. झोपेबद्दल विचारतात. मग लगेच नोकरीबद्दल, घराबद्दल. खोलीत किती माणसं राहता? भाडं किती? पोलिसांनी कधी अडवलं का? तुम्ही चमकता. आजवर कुठल्या डॉक्टरनं भाडं विचारलं होतं? हीच इथली पद्धत आहे. माणसाच्या मनावर ज्याचं ओझं आहे, ते सगळं तपासणीच्या कागदावर आलं पाहिजे. घरमालकाशी, कचेरीशी, न्यायालयाशी बोलावं लागलं तर समाजसेविका तेही करते. तुम्ही ट्रकांबद्दल सांगता, दिवे झाकलेल्या रस्त्यांबद्दल सांगता, त्या भरलेल्या जागांबद्दल सांगता. कुणी म्हणत नाही की हा तुमचा भ्रम आहे.

काही महिन्यांनी राइट या दवाखान्यावर लेख लिहितील. दोन वर्षांनी लेखक राल्फ एलिसन एका मासिकासाठी ‘हार्लेम इज नोव्हेअर’ हा निबंध लिहितील आणि गॉर्डन पार्क्स त्यासाठी छायाचित्रं काढतील. पण ते मासिकच बंद पडेल आणि निबंध छापून यायला १९६४ उजाडेल.

हार्लेममध्ये हे एकच तळघर नाही. याच वर्षी थोडं उत्तरेला, डनबार अपार्टमेंट्सच्या तळघरात, मेमी आणि केनेथ क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्यानं मुलांसाठी नॉर्थसाइड केंद्र सुरू केलं आहे. शाळेनं ‘मतिमंद’ ठरवून वेगळ्या वर्गात टाकलेल्या मुलांना आया तिथं घेऊन येतात. केंद्र पुन्हा चाचणी घेतं आणि त्यांतली कितीतरी मुलं साधारण बुद्धीची निघतात. हातात तो कागद घेऊन आई पुन्हा शाळेत जाते. उपचार म्हणजे काय, याचं याहून स्वच्छ उदाहरण सापडणं कठीण.

इथं क्षणभर आपल्या माणसाची आठवण ठेवा. हार्लेमपासून चालत जाण्याच्या अंतरावर कोलंबिया विद्यापीठ आहे. १९१३ ते १९१६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे शिकले. आणि याच १९४६ साली, तळघरातला दवाखाना सुरू झाल्यावर काही महिन्यांनी, त्यांनी भारतातून कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्युबॉइस यांना पत्र लिहिलं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत त्यांना हवी होती. तुमच्या छातीतली ती धडधड मुंबईतही ओळखीची होती.

डेलावेअर, १९५१

आता तुम्ही शाळकरी मुलगी आहात. क्लेमॉन्ट गावात राहता. गावात हायस्कूल आहे, मोठं मैदान असलेलं. तुम्ही त्यात जाऊ शकत नाही, कारण ते गोऱ्यांचं. रोज सकाळी बस धरून विल्मिंग्टन शहरातल्या हॉवर्ड हायस्कूलला जायचं, संध्याकाळी परत. याच राज्यातल्या हॉकेसिन गावात सारा ब्युला नावाची आई आहे. गोऱ्या मुलांची शाळेची बस रोज तिच्या दारावरून जाते. तिच्या लहानग्या शर्लीला ती बस घेत नाही. आईनं राज्याकडे पत्रं लिहिली, उत्तर नकाराचं आलं. मग ती लुई रेडिंग या वकिलांकडे गेली. त्यांनी सांगितलं, बस मागू नका, शाळा मागा.

वकिलांना न्यायालयात दाखवायचं आहे की वेगळं बसवल्यानं मुलांच्या मनाला इजा होते. हे कोण सांगणार? म्हणून तुम्हाला आणि काही मुलांना हार्लेमच्या त्याच तळघरात नेलं जातं. गोऱ्या मुलांनाही बोलावलं आहे. डॉक्टर घाई करत नाहीत. पुन्हा पुन्हा भेटतात, तुम्हाला आपापसांत बोलू देतात.

शाळा दूर आहे, दमायला होतं, असं तुम्ही आधी सांगता. डॉक्टर ऐकतात आणि थांबतात. मग तुम्ही बोलता ते आजवर आईलाही सांगितलेलं नसतं. बस त्या हायस्कूलवरून जाते तेव्हा तुम्ही खिडकीकडे बघत नाही. आपण काहीतरी चुकीचं केलं असणार आणि ही त्याची शिक्षा असणार, असं वाटतं. फक्त काय चुकलं ते कुणी सांगत नाही.

ऑक्टोबरमध्ये वर्थम विल्मिंग्टनच्या न्यायालयात साक्ष देतात. त्यांचं म्हणणं असं की इमारत नवी की जुनी, हा खरा प्रश्न नाही. राज्यानं स्वतः शिक्का मारून मुलांना वेगळं काढणं, हेच मुलाच्या मनाला शिक्षेसारखं लागतं. १ एप्रिल १९५२ रोजी तिथले न्यायाधीश, चॅन्सेलर कॉलिन्स साइट्झ निकाल देतात: या मुलांना ताबडतोब गोऱ्यांच्या शाळांत प्रवेश द्या. हा खटला पुढे इतर चार खटल्यांसोबत सर्वोच्च न्यायालयात गेला. १७ मे १९५४ चा ‘ब्राउन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन’ हा निकाल तो हाच. त्या पाचांपैकी खालच्या न्यायालयात कृष्णवर्णीय पालक जिंकले, असा खटला डेलावेअरचा एकटाच.

पंचवीस सेंटच्या दवाखान्यानं हे केलं. शंभर वर्षांपूर्वीचा डॉक्टर पळणाऱ्याला रोगी म्हणाला होता. या डॉक्टरांनी वेगळं काढणाऱ्या कायद्याला रोगाचं कारण म्हटलं आणि शपथेवर म्हटलं.

साउथ ब्राँक्स, १९६९

तुमचं चौथं आयुष्य. तुम्ही चाळिशीच्या बाई आहात, या वस्तीत वाढलेल्या, कॉलेजात न गेलेल्या. रस्त्यावरच्या एका जुन्या दुकानात तुमची कचेरी आहे. दारावर शेजारकेंद्राची पाटी. लिंकन इस्पितळाच्या मानसिक आरोग्य सेवेनं १९६५ पासून अशी केंद्रं उघडली आणि त्यात वस्तीतल्याच कृष्णवर्णीय आणि प्वेर्तो रिकन माणसांना मदतनीस म्हणून नेमलं. विचार साधा होता: इस्पितळाच्या पायऱ्या चढायला लोक घाबरतात, मग आपण दुकानात बसू.

सकाळी एक बाई येते. मनाचं काही बोलायला आलेली नाही. घरातला हीटर बंद आहे, मालक फोन उचलत नाही, लेकराला खोकला आहे. तुम्ही तिच्यासमोर मालकाला फोन लावता, मग शहराच्या कचेरीत लावता, तास जातो. काम होतं. तिसऱ्या भेटीत ती दार लोटून घेते आणि सांगते की महिन्याभरात तिला नीट झोप लागलेली नाही, कधी कधी वाटतं सगळं संपवावं. हीटरचा फोन केला नसता तर हे वाक्य तुम्ही कधीच ऐकलं नसतं. तुम्ही तिचा हात धरून बसता आणि त्याच दिवशी तिला डॉक्टरपर्यंत स्वतः घेऊन जाता.

पण वर बसलेल्यांना तुमचं हे काम हलकं वाटतं. निर्णयात तुम्हाला वाटा नाही, बढतीची दिलेली आश्वासनं कागदावरच. म्हणून मार्च १९६९ मध्ये तुम्ही आणि तुमचे सहकारी प्रशासकांच्या कचेऱ्या ताब्यात घेता आणि सेवा स्वतः चालवून दाखवता. पुढच्या वर्षी १४ जुलैला यंग लॉर्ड्स ही प्वेर्तो रिकन तरुणांची संघटना लिंकन इस्पितळच काही तास ताब्यात घेईल. त्याच नोव्हेंबरात तिथं व्यसनमुक्तीचं केंद्र सुरू होईल आणि ते चालवण्यात वस्तीतले कार्यकर्ते पुढे असतील. ब्लॅक पँथर्स शहराशहरांत मोफत दवाखाने काढतील. त्यांचंच नाव घेऊन १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहील.

याच वर्षांत दुसरीकडे काय चाललं आहे, तेही बघा. १९६८ मध्ये दोन मनोविकारतज्ज्ञ एका वैद्यकीय नियतकालिकात ‘निषेधाचा मनोविकार’ मांडतात: नागरी हक्कांची चळवळ कृष्णवर्णीय पुरुषांना वेडाकडे नेते. जोनाथन मेट्झल या अभ्यासकानं मिशिगनमधल्या आयोनिया राज्य इस्पितळाची जुनी कागदपत्रं तपासून दाखवलं की स्किझोफ्रेनिया हा निदानाचा शब्द याच काळात कृष्णवर्णीय पुरुषांवर कसा सरकत गेला. १९७४ मध्ये एका मानसोपचार नियतकालिकात हॅलडॉल या औषधाची जाहिरात आली. चित्रात मूठ उगारलेला संतापलेला काळा माणूस. कार्टराइट मरून शतक उलटलं होतं, त्याची नजर मेली नव्हती.

आता परत या

तुमचा देह तुम्हाला परत मिळाला आहे. १८ जानेवारी २०२१ रोजी अमेरिकन सायकिॲट्रिक असोसिएशननं मानसोपचारातल्या वंशभेदाबद्दल जाहीर माफी मागितली. ती आवश्यकच होती. पण अमेरिकेत आजही स्किझोफ्रेनियाचं निदान कृष्णवर्णीयांवर गोऱ्यांपेक्षा जास्त वेळा होतं. आणि मनोविकारतज्ज्ञांमध्ये कृष्णवर्णीयांचं प्रमाण त्यांच्या लोकसंख्येतल्या वाट्याच्या निम्म्याहूनही कमी आहे. माफीनं समोरच्या खुर्चीवरचा डॉक्टर बदलत नाही. त्यासाठी शिष्यवृत्त्या लागतात, पदं लागतात, वस्तीतल्या मदतनिसांना पगार आणि अधिकार लागतो.

लाफार्ग क्लिनिक १९५८ मध्ये बंद पडलं. रुग्ण संपले म्हणून नव्हे; कायमचा पैसा कुणी दिला नाही म्हणून. बारा वर्षं स्वयंसेवकांच्या संध्याकाळींवर ते चाललं. कुठल्याही समाजानं आपल्या लोकांचं मन सांभाळायचं काम चार सज्जनांच्या फावल्या वेळावर सोडू नये, हा त्याचा धडा. क्लार्क दांपत्याचं नॉर्थसाइड मात्र आजही चालू आहे, कारण त्याला निधी मिळत गेला आणि तो मिळवत राहणारी माणसं तिथं पगारावर काम करत राहिली.

आपल्याकडे २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा आहे. जात, धर्म, लिंग, वर्ग यांवरून भेद न करता उपचार मिळणं हा प्रत्येकाचा हक्क आहे, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. कायद्याच्या पुस्तकातला हा हक्क आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात उतरला आहे का, हे बघणं आपल्या हातात आहे. पुढच्या वेळी तिथे जाल तेव्हा नीट बघा. मनाचा डॉक्टर आठवड्यातून किती दिवस बसतो? तो दिवस रोजंदारीवर जाणाऱ्याला परवडणारा आहे का? वस्तीतलं, पाड्यावरचं, बोलीत बोलणारं कुणी तिथं नोकरीला आहे का? समोर बसलेल्याला डॉक्टर झोपेबरोबर घर, काम आणि अपमान यांबद्दल विचारतो का? उत्तरं नकाराची आली तर ग्रामसभेत बोला, आमदाराला पत्र लिहा, अंदाजपत्रकात तरतूद मागा. सारा ब्युलानं एका बसवरून सुरुवात केली होती. तुम्ही एका डॉक्टरच्या वेळापत्रकावरून करा.